सोडून दिलेल्या खाणीत उतरताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

उत्तर इंग्लंडातल्या पेनाइन डोंगरांत शिशाच्या, लेक डिस्ट्रिक्टमधल्या कॉनिस्टनला तांब्याच्या आणि मध्य वेल्समध्ये शिसं-जस्ताच्या जुन्या खाणी आहेत. त्यांतल्या बऱ्याचशांची तोंडं आजही उघडी आहेत. नोकरी-शिक्षणासाठी इकडे आलेली आणि सह्याद्रीत घाटवाटा तुडवून तयार झालेली आपली मंडळी सुट्टीच्या दिवशी हेल्मेट-टॉर्च घेऊन सरळ आत शिरतात. पाय पक्के असतात, दमही भरपूर असतो, पण चुका दर वेळी त्याच होतात.

मूळ चूक एकच. खाणीला गुहा किंवा लेणं समजलं जातं. लेणं कोरणाऱ्याने ते उभं राहावं म्हणून जागोजाग खांब राखले. खाणकामगाराने मात्र खनिजाची शीर जिथे गेली तिथून ती काढली. भिंतीतून काढली, डोक्यावरून काढली, पायाखालूनही काढली. मागे राहिलेल्या पोकळीत त्या वेळचं काम निभावण्यापुरती लाकडं ठोकली आणि तो पुढे सरकला. ती लाकडं आता शंभर-दीडशे वर्षांची आहेत. म्हणून खाणीत सगळ्यात जास्त संशय घ्यायचा तो पायाखालच्या जमिनीचा. पुढचं सगळं याच धोरणाने लिहिलं आहे.

हा लेख फक्त आडव्या, चालत जाता येणाऱ्या कामांबद्दल आहे. दोरावरून विहिरीत उतरणं हे वेगळं शास्त्र आहे आणि ते वाचून शिकता येत नाही. उदाहरणासाठी मी पेनाइनमधल्या नेंटहेड गावाजवळची स्मॉलक्लफ ही शिशाची खाण घेतो, कारण अनेकांची सुरुवात तिथूनच होते.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांना आधीच सांगतो: हे इथलं वर्णन वाचून कोलारच्या किंवा विदर्भातल्या खाणींकडे वळू नका. कोलारचं सोन्याचं काम २००१ मध्ये थांबलं आणि तिथल्या विहिरी अतिशय खोल आहेत. भंडारा-नागपूर पट्ट्यातल्या मॅंगनीजच्या मोठ्या खाणी तर चालू आहेत. भारतात खाणी कामगार-सुरक्षेच्या कायद्याखाली येतात. इथे ब्रिटनमध्ये गुहा-खाणींत उतरणाऱ्यांचे हौशी क्लब आणि त्यांना धरून स्वयंसेवी बचाव पथकं आहेत. तशी व्यवस्था तिकडे नाही, आणि खालची अर्धी पद्धत त्याच व्यवस्थेवर उभी आहे.

आधी सहा शब्द

क्लबमध्ये हेच शब्द कानावर पडतात, म्हणून ते तसेच वापरतो. डोंगराच्या कुशीतून आत जाणारा आडवा बोगदा म्हणजे लेव्हल किंवा ॲडिट. जमिनीवरून खाली गेलेली उभी विहीर म्हणजे शाफ्ट. आतल्या आत, बोगद्याच्या तळातून खाली खोदलेली विहीर म्हणजे विन्झ. खनिज काढून झाल्यावर उरलेली उंच, अरुंद फट म्हणजे स्टोप. टाकाऊ दगड बाहेर न नेता आतच रचून ठेवलेले असतात, ते डेड्स. आणि वरच्या कामातून माल खालच्या डब्यात सोडण्याची घसरगुंडी म्हणजे हॉपर.

टप्पा १: सोबत आणि परवानगी

पहिली फेरी क्लबबरोबरच करा. ब्रिटिश केव्हिंग असोसिएशन या गुहांत उतरणाऱ्यांच्या संघटनेशी जोडलेले क्लब देशभर आहेत आणि खाणींच्या इतिहासावर काम करणाऱ्या संस्थांचा नॅम्हो नावाचा संघ आहे. सदस्यत्वासोबत विमा मिळतो, पण तो तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर उपयोगी पडणारा असतो. स्वतःच्या इजेचा विमा त्यात आहे असं धरून चालू नका. क्लबात जाणं जमत नसेल तर पैसे देऊन प्रमाणित मार्गदर्शक घ्या. खाण दाखवण्याची वेगळी पात्रता असते. गिर्यारोहणाचं प्रमाणपत्र इथे पुरेसं नाही.

आत किमान चौघं हवीत. एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मिळून बाहेर जातात. तिघांत हे गणित बसत नाही, कारण मग निरोप्या एकटाच चालतो. वरची मर्यादा सहा ठेवा. त्याहून मोठ्या घोळक्यात पुढच्याचं मागच्याला ऐकू जात नाही.

परवानगीचा गोंधळ नेहमीचा आहे. डोंगरावर मोकळं फिरायचा हक्क असला तरी तो जमिनीखाली लागू होतो असं धरू नका. जमिनीचा मालक आणि खालच्या खनिजाचा मालक वेगवेगळे असू शकतात. अनेक जुन्या खाणी संरक्षित स्मारकंही आहेत, तिथला दगड हलवणं किंवा मेटल डिटेक्टर फिरवणं गुन्हा ठरू शकतं. कोणाला विचारायचं, किल्ली कोणाकडे, हे स्थानिक क्लबला ठाऊक असतं.

> तपासा: तुम्ही जाताय तो महिना कोणता? हिवाळ्यात वटवाघळं खाणींत दीर्घ झोपेत असतात आणि १९८१च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. काही ठिकाणं त्या काळात बंद असतात. दिसली तर प्रकाश रोखून धरू नका, फोटो काढू नका, खाली थांबू नका.

टप्पा २: नकाशा घरीच वाचून घ्या

खाणीचा सर्व्हे मिळाल्याशिवाय निघू नका. बहुतेक मोठ्या खाणींचे नकाशे क्लबांकडे आहेत. दोन प्रती काढून प्लॅस्टिकमध्ये घाला आणि दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा.

नकाशा बघायची पद्धत अशी. आधी आपली वाट रंगीत पेनाने आखा. मग त्या वाटेवरचा प्रत्येक विन्झ आणि प्रत्येक स्टोप शोधून त्याला गोल करा. त्यानंतर विचारा की आपल्या वाटेच्या खाली दुसरी पातळी आहे का? असेल तर दोन्हींच्या मधलं खनिज काढून घेतलेलं असण्याची शक्यता मोठी, म्हणजे मधली जमीन माणसाने बनवलेली. हा एक प्रश्न घरी विचारला तर आत निम्मं काम सोपं होतं, पण बहुतेक जण नकाशा फक्त डावं-उजवं बघायला वापरतात.

स्मॉलक्लफची गोष्टच घ्या. ती आतून रॅम्पगिल या दुसऱ्या खाणीला वेगळ्या पातळीवर जोडलेली आहे. शिवाय तिथे चुनखडीच्या थरात खनिज आडवं पसरलेलं होतं, म्हणून बोगद्याच्या बाजूंना रुंद, बुटक्या दालनांचं जाळं झालंय. त्यांना फ्लॅट म्हणतात. सरळ बोगद्यात हरवायला जागा नसते. फ्लॅटमध्ये दहा पावलांत दिशा जाते.

> थांबा: कागदावरची वाट आज तशीच असेल याची खात्री नाही. अलीकडे आत जाऊन आलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय योजना पक्की करू नका.

टप्पा ३: अंगावर आणि पाठीवर

आतलं तापमान वर्षभर साधारण ८ ते ९ अंश असतं आणि पाणीही तेवढंच थंड. चालताना ते जाणवत नाही. वीस मिनिटं एका जागी थांबलात की दात वाजतात, आणि अपघात झाला तर तासन्‌तास थांबावं लागतं. म्हणून कपडे चालण्याच्या नव्हे, थांबण्याच्या हिशोबाने निवडा. सुती काहीही नको. जीन्स तर मुळीच नको. आतून लोकरी किंवा फ्लीसचा एकसंध सूट, वरून केव्हिंगचा ओव्हरसूट, रबरी गमबूट, निओप्रीनचे मोजे, गुडघ्याचे पॅड, रबरी हातमोजे. ट्रेकिंगचे महागडे बूट घरी ठेवा. पाणी वरून आत जातं आणि हुक जुन्या तारांत अडकतात.

हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्याचं हवं. सायकलचं चालत नाही. दिवे प्रत्येकाकडे तीन, त्यातले दोन हेल्मेटवर बसणारे. तिसरा हातातला असला तरी चालेल, पण त्या एकट्या दिव्यावर अख्खी परतीची वाट पार पडेल इतका दमदार हवा. मोबाइलचा टॉर्च दिवा म्हणून मोजू नका. बॅटऱ्या आदल्या रात्री चार्ज करा आणि वरच्या खिशात नाही, पिशवीत कोरड्या डब्यात ठेवा.

पिशवीत आणखी: प्रथमोपचार, दोन जणांना पुरेल अशी प्लॅस्टिकची सर्व्हायव्हल बॅग, लोकरी टोपी, शिट्टी, गरम पेयाचा थर्मास, चिक्की किंवा गूळ-शेंगदाण्यासारखं चटकन ताकद देणारं, आणि पाण्यात चालणारं मनगटी घड्याळ. घड्याळ विसरणारे फार. फोन तीन थरांखाली असतो आणि मग वेळ कुणीच बघत नाही.

एक काठी घ्या, खांद्याइतकी. तिचा उपयोग टप्पा ७ मध्ये येतो.

टप्पा ४: निरोप ठेवणं

जमिनीखाली फोन लागत नाही. तुम्ही अडकलात हे जगाला कळण्याचा एकच मार्ग आहे: बाहेरच्या माणसाला ठरलेल्या वेळी तुमचा फोन न येणं. इथे याला कॉल-आउट म्हणतात.

लेखी द्या. खाणीचं नाव, ग्रिड संदर्भ (नकाशावरची जागा सांगणारा आकडा), कोणत्या तोंडातून आत, कोणत्या वाटेने, किती माणसं, गाडी कुठे लावली, कधी बाहेर येणार आणि किती वाजले की मदत बोलवायची. शेवटच्या दोन वेळांत दोनेक तासांचं अंतर ठेवा. निरोप अशा माणसाला द्या जो त्या वेळी जागा असेल आणि घाबरून आधीच किंवा संकोचून उशिरा फोन करणार नाही. भारतातल्या आई-वडिलांना देऊ नका. वेळेतला फरक आड येतो आणि ब्रिटनचा तातडीच्या मदतीचा ९९९ नंबर तिकडून लागत नाही.

त्या माणसाला नेमकं वाक्य पाठ करून द्या: ९९९ लावायचा, आधी पोलीस मागायचे, मग पोलिसांना केव्ह रेस्क्यू (गुहा-खाणींतलं बचाव पथक) हवं म्हणून सांगायचं. थेट ॲम्ब्युलन्स मागितली तर ती डोंगराच्या पायथ्याशी येऊन उभी राहते.

टप्पा ५: तोंडाशी थांबा

गाडीतून उतरून सरळ आत जाऊ नका. तोंडाशी निदान दहा मिनिटं काढा.

पहिली नजर ओहोळावर. लेव्हलमधून बहुधा पाणी वाहत असतं, कारण ती पाण्याच्या निचऱ्यासाठी हलक्या उताराने खोदलेली असते. ते पाणी नेहमीपेक्षा अचानक कमी झालं असेल तर आनंद मानू नका. आत कुठेतरी दरड पडून पाणी तिच्यामागे तुंबलेलं असू शकतं आणि तो बांध कधी फुटेल सांगता येत नाही. गढूळ, वाढलेलं पाणी असेल किंवा वर बर्फ वितळत असेल तर त्या दिवशी परत फिरा.

दुसरी नजर छतावर. आतला खोल भाग बऱ्याचदा भक्कम असतो. खचतो तो तोंडाजवळचा. तिथे खडकावर मातीचा जाड थर असतो, झाडांची मुळं उतरतात, गोठणं-वितळणं चालू असतं. ताजे, धारदार, शेवाळ न चढलेले दगड खाली दिसले तर ते नुकतेच पडलेत.

फाटक कुलपाचं असेल तर आत गेल्यावर ते कसं ठेवायचं हे परवानगी देणाऱ्याशी आधीच ठरवा. दुसरी गाडी उभी दिसली तर आत माणसं असतील, त्यांना कोंडू नका.

> तपासा: प्रत्येकाचे तिन्ही दिवे लावून बघा. गॅस मीटर (हवेतले वायू मोजणारा, टप्पा ६ बघा) मोकळ्या हवेत, गाडीच्या धुरापासून दूर, चालू करा. घड्याळ बघून आत जायची वेळ आणि मागे फिरायची वेळ मोठ्याने सांगा. पहिल्या फेरीला एकूण दोन-तीन तास पुष्कळ झाले.

टप्पा ६: हवा

धातूच्या खाणीत कोळशासारखा मिथेन सहसा नसतो, म्हणून हवेची काळजी नको, असं ऐकायला मिळतं. हे अर्धसत्य फार घातक आहे.

धातुकासोबत पायराइटसारखी गंधकयुक्त खनिजं असतात. ती ओलाव्यात हळूहळू ऑक्सिडाइज होतात आणि हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतात. लाकूड कुजतानाही तेच होतं. आता दम लागल्याची जाणीव आपल्याला ऑक्सिजन कमी झाल्याने होत नाही, ती कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. पायराइटने ऑक्सिजन खाल्ला पण कार्बन डायऑक्साइड वाढला नाही, तर छातीला काही कळत नाही. माणूस गप्प होतो, बोलणं अडखळतं, मग गुडघे जातात. म्हणून "श्वास ठीक चाललाय" हा पुरावा धरायचा नाही. मेणबत्तीचाही नाही. ती ऑक्सिजन साधारण १६-१७ टक्क्यांवर आला की विझते, आणि तोपर्यंत तुमचं डोकं नीट चालत नसतं.

चार वायूंचा मीटर भाड्याने किंवा क्लबकडून घ्या. तो सहसा ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वायू मोजतो. कार्बन डायऑक्साइड बहुतेक मीटर मोजत नाहीत, आणि इथे एक हिशोब समजून घ्यायला हवा. स्वच्छ हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के. तिच्यात ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तर ऑक्सिजन उतरून साधारण १९.९ होतो. मीटरची घंटा साधारणपणे १९.५ ला वाजते. म्हणजे धाप लागून डोकं ठणकायला लागेल इतका वायू असूनही मीटर गप्प! त्यामुळे घंटेची वाट पाहू नका. आकडा बघत चला. २०.९ वरून २०.५ झाला की सगळ्यांना सांगा, २० च्या खाली गेला की मागे फिरा. जमलं तर कार्बन डायऑक्साइडचा वेगळा मीटर सोबत ठेवा.

कुठे जपायचं? ज्या बोगद्याला दुसरं टोक नाही तिथे. वाट खाली उतरते तिथे. दरडीवरून सरपटत पलीकडे जायचं असेल तिथे, कारण दरडीने वाराही अडवलेला असतो. चालत्या हवेची झुळूक गालावर लागत असेल तर बरं. ती ज्या वळणावर थांबली ते वळण लक्षात ठेवा.

साचलेलं, काळपट पाणी ढवळलं की त्यात विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड वर येतो. सडक्या अंड्यांचा वास आला तर लगेच फिरा. वास येऊन मग नाहीसा झाला तर आणखी घाईने फिरा. जास्त प्रमाणात हा वायू नाकाची वास घेण्याचीच शक्ती मारतो.

> थांबा: हवेचा दाब झपाट्याने उतरत असलेल्या दिवशी बंद टोकांकडे जाऊ नका. बाहेरचा दाब पडला की जुन्या कोपऱ्यांत साचलेली वाईट हवा चालत्या वाटेवर येते. हवामानाच्या अंदाजात पावसासोबत दाबाचा आकडाही बघायची सवय लावा.

टप्पा ७: पाय कुठे टाकायचा

आता मुख्य गोष्ट. शीर उभी असते तेव्हा खाणकामगार ती वरवर खणत गेले. उभं राहायला त्यांनी दोन भिंतींमध्ये ओंडके ठोकले, त्यावर फळ्या घातल्या, फळ्यांवर डेड्स आणि चिखल साचला, वरून रूळ टाकले. आज तुम्ही तिथे पोचता तेव्हा दिसतो तो एक सपाट, दगडी, रुळांचा रस्ता. खाली वीस मीटर पोकळी असू शकते. याला इथे फॉल्स फ्लोअर म्हणतात. कॉनिस्टनच्या तांब्याच्या खाणींत अशा जागा पुष्कळ आहेत.

ओळखायच्या खुणा:

१. पाणी गायब होतं. आतापर्यंत पायाखालून वाहणारा ओहोळ एका जागी संपतो आणि पुढे जमीन कोरडी. आपल्या लोकांना कोरडी जमीन दिसली की बरं वाटतं. इथे उलट आहे. पाणी खाली कुठेतरी पडतंय.

२. भिंती जमिनीशी मिळत नाहीत. पक्क्या बोगद्यात भिंत तळाला वळून जमिनीत जाते. फॉल्स फ्लोअरवर ती सरळ खाली उतरत जाते आणि कडेला बोटभर फट दिसते. त्या फटीत दिवा धरा.

३. वर मान करून पाहिलं तर स्टोप वर गेलेला दिसतो. वर काढलं असेल तर खालीही काढलेलं असणार, हे आधी धरून चाला.

४. कडेला आडव्या लाकडाचं टोक भिंतीतल्या खोबणीत बसवलेलं दिसतं.

५. काठी आपटल्यावर आवाज पोकळ येतो, किंवा खडा हलून क्षणभराने खाली टपकल्यासारखा ऐकू येतो.

यातलं एकही दिसलं तर थांबायचं. पाय आपटून "मजबूत आहे का" बघणं ही सगळ्यात वाईट चूक. ओलं लाकूड बाहेरून अखंड दिसतं आणि आतून कापसासारखं मऊ झालेलं असतं. शंभर माणसं गेली म्हणून एकशे एकाव्याला ते धरेल असं नाही. क्लबच्या जाणत्याने "इथून जातात" असं सांगितलं असेल तरच जायचं, एका वेळी एकानेच, भिंतीच्या कडेने, आणि बाकीच्यांनी त्या जमिनीपासून मागे थांबायचं. तुम्ही नवखे असाल तर सरळ परत या. पलीकडे काय आहे याने काही फरक पडत नाही.

पाण्यातला विन्झ तितकाच फसवा. पोटरीभर पाण्यात चालत असता आणि बोगद्याच्या मधोमध किंवा एका बाजूला पाण्याने काठोकाठ भरलेली विहीर असते. पृष्ठभागावर काहीच दिसत नाही. इथे ती काठी कामाला येते. पहिला माणूस प्रत्येक पावलाआधी पुढे टोचत जातो, पाय न उचलता सरकवत चालतो. रूळ पायाला लागतायत म्हणून निर्धास्त होऊ नका, रूळ विहिरीवरून आडवे गेलेले असू शकतात. पहिला गेला की पाणी भगवं गढूळ होतं आणि मागच्यांना तळ दिसत नाही, म्हणून सगळ्यांनी त्याच्याच रेषेत चालायचं. तो भगवा गाळ लोहाचा असतो, अतिशय घसरडा, आणि काही जागी मांडीपर्यंत रुततो.

> तपासा: नकाशावर गोल केलेला प्रत्येक विन्झ प्रत्यक्षात सापडला का? एखादा सापडला नाही तर दोनच शक्यता आहेत. तो झाकलेला आहे, किंवा तुम्ही जिथे आहात असं समजताय तिथे नाही. दोन्ही वेळा थांबायचं.

टप्पा ८: डोक्यावर काय आहे

पेनाइनमधल्या लेव्हल चुनखडीतून जातात तेव्हा खडक उघडा असतो, आणि शेलच्या भुसभुशीत थरातून जातात तिथे घडीव दगडांची कमान बांधलेली असते. म्हणून कमान दिसली की वर कमकुवत खडक आहे असं समजायचं. कमानीचा पोट फुगलेला भाग, निसटलेला एखादा दगड, खाली पडलेला राखाडी चुरा दिसला तर स्पर्श न करता, न थांबता पुढे व्हा किंवा परत फिरा. तिथे घोळका करून फोटो काढू नका.

डोक्यावर लाकडांवर रचलेले डेड्स असतील तर कशालाही हात लावू नका. हॉपरच्या तोंडाशी अडकलेला दगड काढू नका, खाली वाकून वर डोकावूही नका. वर कित्येक टन माल केवळ त्या एका दगडावर थांबलेला असू शकतो. लोखंडी शिड्या, साखळ्या, कुणीतरी सोडलेला दोर यांवर भार टाकायचा नाही, मग तो दोर कितीही नवा दिसो.

कागदात गुंडाळलेल्या कांड्या किंवा तांब्या-ॲल्युमिनियमच्या छोट्या नळ्या दिसल्या तर त्या जुनी स्फोटकं आणि डिटोनेटर असू शकतात. हात न लावता माघार घ्या, जागा लिहून ठेवा, बाहेर आल्यावर पोलिसांना कळवा.

टप्पा ९: वाट आणि वेळ

प्रत्येक फाट्यावर थांबा, मागे वळा आणि परतताना तो कसा दिसेल ते पाहा. जाताना उजवीकडे वळण घेतलं तर परतताना ते डावीकडे येईल एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण परतताना दुसरा फाटा सरळ वाटेसारखा दिसतो आणि पाय आपोआप तिकडे जातात. फ्लॅटमध्ये तर दर दहा-पंधरा पावलांवर मागे बघा. वाटलं तर रंगीत फितीचे तुकडे दगडाखाली ठेवत जा आणि येताना सगळे उचला. भिंतीवर बाण रंगवणं बंद करा. मेणबत्तीच्या काजळीने लिहिलेली कामगारांची नावं त्याच भिंतींवर आहेत, आणि काही ठिकाणी चिखलात त्यांच्या बुटांचे ठसे अजून शाबूत आहेत. अशा जागेला दोन दगड ठेवून वळसा घाला.

मागे फिरायची वेळ झाली की फिरायचं. "पुढचं वळण बघून येऊ" हे वाक्य म्होरक्याने तिथेच तोडायचं. परतीला पाय थकलेले, कपडे ओले आणि लक्ष उडालेलं असतं. म्हणून जाण्याला लागलेला वेळ परतीला कमी पडेल असंच धरा.

टप्पा १०: काही झालं तर

पडलेल्या माणसाकडे धावू नका. जमिनीने किंवा हवेने त्याला घेतलं असेल तर तुम्हालाही घेईल. आधी मीटर, मग पाय. कुणी निमूट कोसळला असेल आणि मीटर खाली आला असेल तर बाकीच्यांनी बाहेर पडून मदत आणायची. हे वाचायला निष्ठुर वाटतं, पण वाईट हवेत मदतीला आत धावलेला माणूस बहुधा दुसरा बळी ठरतो.

हवा चांगली असेल तर जखमीला जमिनीपासून वेगळं करा. खाली पिशव्या-दोर, वर सर्व्हायव्हल बॅग, डोक्यावर टोपी. जवळ थांबणारा दिवा मंद ठेवतो. जाणाऱ्या दोघांकडे कागदावर लिहिलेलं हवं: जागा नकाशावर कुठे, काय लागलं, किती वाजता. वाट चुकली असेल तर कोरड्या जागी एकत्र बसा आणि शोधत फिरणं थांबवा. कॉल-आउट नीट दिला असेल तर लोक येतात.

टप्पा ११: बाहेर आल्यावर

सर्वांत आधी निरोप रद्द करा. कपडे बदलण्याआधी, चहाआधी. त्या डोंगरांत फोनला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा जवळची रेंजची जागा सकाळीच पाहून ठेवलेली असावी. हा फोन विसरल्यामुळे स्वयंसेवक अंथरुणातून उठून डोंगरावर येतात.

हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका. शिशाच्या खाणीतला चिखल नखांत, ओठांवर, सँडविचवर जातो. मुंबईत पावसाळ्यात ऐकलेला लेप्टो इथेही आहे, उंदरांच्या मुतामुळे पाण्यात येतो. हातापायावर उघडी जखम असेल तर ती आत जाण्याआधीच झाकलेली हवी. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना खाणीच्या पाण्यात गेलो होतो हे सांगा. ओव्हरसूट बाहेरच पाण्याच्या पाइपखाली धुवा. घरातल्या मशीनमध्ये मुलांच्या कपड्यांबरोबर टाकू नका.

शेवटी क्लबला दोन ओळी कळवा: कुठपर्यंत गेलात, कुठे ताजी पडझड दिसली, मीटरचा सर्वात कमी आकडा कोणत्या जागी किती आला, ओहोळाला पाणी किती होतं. पुढच्या आठवड्यात आत जाणारा माणूस निघण्याआधी हेच विचारणार असतो.